दोन पाटण, दोन विहिरी आणि आजीचं घर

(भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ बरेचसे काढलेत. सगळे काढले असते तर ती मी वाटले नसते, म्हणून काही ठेवलेत.)

हेडफोन लावून एसटीत बसला असाल, किंवा जेवण करता करता ऐकत असाल, तर आधी एक काम करा. शंभराची नोट काढा. नवी, जांभळट रंगाची. यूपीआयच्या जमान्यात खिशात नसेल तर आईच्या डब्यात नक्की असेल. मागच्या बाजूला एक पायऱ्यांची विहीर छापलेली दिसेल. ती ‘राणी की वाव’. अकराव्या शतकातली. राणी उदयमतीनं बांधलेली. गाव पाटण.

हे वाचून मला पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिघींनी विचारलं होतं, “अगं, तुझ्या गावची विहीर नोटेवर आहे?” नाही हो. ते गुजरातचं पाटण. माझं पाटण सातारा जिल्ह्यातलं. कोयना आणि केरा जिथं भेटतात ते. कराडवरून चिपळूणच्या रस्त्याला लागलात की वाटेत येतं, आणि बहुतेक लोक तिथं फक्त चहाला थांबतात.

पण गंमत अशी की विहीर आमच्याकडंही आहे. गावाच्या वर दातेगड आहे, त्याचं दुसरं नाव सुंदरगड. वर गेलात की कातळात कोरलेला गणपती आणि मारुती दिसतो, आणि पुढं एक विहीर. कातळ उभा चिरत खाली नेलेली, लांबट, तलवारीच्या आकाराची. म्हणून तिला तलवार विहीरच म्हणतात. पायऱ्या उतरत खाली गेलं की अंगावर गार हवा येते, आत महादेवाचं छोटं ठाणं आहे. मी पहिल्यांदा उतरले तेव्हा सातवीत होते आणि अर्ध्या पायऱ्यांवरून परत पळाले होते.

तिकडची विहीर २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिकडं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं नदीचा गाळ उपसला, तिकीट आहे, पहारा आहे. आमच्या विहिरीवर मी गेले तेव्हा चिप्सची पाकिटं तरंगत होती, आणि ती काढायला सुट्टीच्या दिवशी पोरं येतात, स्वखर्चानं. दोन्ही सुंदर आहेत, सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. नक्षीकामात आमची विहीर तिच्या जवळपासही जात नाही. पण मला प्रश्न पडला तो सौंदर्याचा नव्हताच. एखादी वास्तू जपायची असं कोण ठरवतं? आणि पैसे कोण देतं?

हा प्रश्न मला विहिरीमुळं पडला असं सांगितलं तर खोटं होईल. तो पडला आमच्या घरामुळं.

आमचं घर पाटणात जुन्या पेठेच्या बाजूला आहे. वाडा म्हणण्याइतकं मोठं नाही, घरच. सोपा, माजघर, मागं परसू. सागवानी खांब, वर तुळया, मातीत बसवलेल्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं. आजी वारली त्याला तीन वर्षं झाली. आता तिथं फक्त धाकटे काका-काकू राहतात. गेल्या गणपतीत सगळे जमले होते, गौरी जेवल्या, आणि दुपारी काकांनी विषय काढला: पाडूया. स्लॅबचं बांधूया. खाली दोन गाळे, वर दोन फ्लॅट.

मला राग आला. पण खरं सांगते, राग यायला मला काहीच खर्च येत नव्हता. पावसात बादल्या काकू लावतात. मी पुण्यातून इन्स्टाग्रामवर सोप्याचे फोटो टाकते. काकांनी तेच सुनावलं, “फोटो काढायला तू, गळकं घर सोसायला आम्ही.” यावर उत्तर नव्हतं माझ्याकडं.

मग आजीची गोष्ट आठवली. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेचा भूकंप. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली आमच्या भागात, कोयनानगर तर उद्ध्वस्तच झालं. आजी तेव्हा नवी सून होती. ती सांगायची, “अगं, भिंत भाईर पडली, आत न्हाई. खांब जागचं हाललं न्हाईत. म्हणून तू हाईस.” म्हणजे आमच्या घराचं छप्पर भिंतींवर नव्हतं, लाकडी सांगाड्यावर होतं. दगड ढासळले, सांगाडा उभा राहिला. याचा अर्थ जुनं ते सगळं भक्कम, असा कुणी घेऊ नका. त्या पहाटे बरीच माणसं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखालीच गेली. आमच्या घराची जोडणी बरी होती आणि नशीबही बरं होतं.

तर गणपतीनंतर मी शोधायला बसले की असं घर जपायचं तर शहरं काय करतात. सुरुवात मुंबईपासून करावी लागते, कारण १९९५ मध्ये मुंबईनं वारसा इमारतींची नियमावली केली आणि असं करणारं ते देशातलं पहिलं शहर. तोवर कायदा होता तो फक्त स्मारकांसाठी. किल्ला, लेणी, मकबरा. ज्या इमारतीत लोक राहतात, दुकान चालवतात, कोर्ट भरतं, तिच्यासाठी काही नव्हतं. मुंबईनं यादी केली, ६०० हून जास्त नोंदींची, आणि श्रेणी लावल्या. पहिली श्रेणी म्हणजे हात लावायचा तो फक्त जपण्यासाठी. दुसरीत अ आणि ब, बाहेरचं रूप राखून आत जपून बदल करता येतात. तिसरी म्हणजे एकट्या इमारतीपेक्षा रस्त्याचं रूप तिच्यामुळं टिकतं, तिथं सूट जास्त. वर एक वारसा समिती, जिच्या सल्ल्याशिवाय महापालिकेनं परवानगी द्यायची नाही.

इथंच काकांची भीती येते. “यादीत नाव गेलं की खिळा ठोकायला मुंबईला जावं लागेल.” ही भीती पाटणात सगळ्यांना आहे, आणि ती दोन वेगळ्या कायद्यांची सरमिसळ आहे. केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर २०१० च्या दुरुस्तीनुसार भोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढं आणखी २०० मीटर परवानगीनं. तो कडक कायदा. शहराच्या वारसा यादीतलं घर हे तसलं स्मारक नव्हे. ते तुमचंच राहतं, तुम्ही राहता, विकता, दुरुस्त करता. फक्त पाडायच्या आधी कुणालातरी विचारावं लागतं. हे मी काकांना समजावलं. ते म्हणाले, “तेच तर म्हणतोय मी.”

बरं, मालकाला नको म्हणायचं तर त्याला काही द्यायला हवं ना? मुंबईनं टीडीआर दिला. हस्तांतरणीय विकास हक्क. नाव भीतीदायक आहे, गोष्ट सोपी आहे. समजा तुमच्या जागेवर नियमानं दहा हजार चौरस फूट बांधता येतं, पण जुनी इमारत आहे चार हजारांची आणि ती पाडायला मनाई आहे. मग उरलेले सहा हजार फूट कागदावर प्रमाणपत्र म्हणून मिळतात. ते तुम्ही बिल्डरला विकायचे, तो ते दुसरीकडं बांधतो. सरकारच्या तिजोरीतून रुपया जात नाही. मला हे वाचून भारी वाटलं होतं. हवेतले फूट विकून कौलं घ्यायची!

पण मुंबईतसुद्धा हे सगळीकडं चाललं नाही. काळ्या घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत बघा, एस्प्लनेड मॅन्शन. १८६० च्या दशकातली, ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची, सगळ्या जगातले अभ्यासक तिचं नाव घेतात. यादीत आहे, श्रेणी आहे. तरी २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. कारण घरमालक, भाडेकरू, शेकडो खोल्या आणि गोठलेलं भाडं. भाड्यातून जिना दुरुस्त होत नाही, तिथं वारसा कुठून दुरुस्त होणार? यादीत नाव असणं आणि छपराला पैसा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिथं कळलं.

जिथं जमलं तिथं काय झालं, तेही बघितलं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ ची इमारत, महापालिकेच्या मालकीची. २००३ मध्ये तीन जणांनी करार केला: महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन. मालकी एकाची, जाणकारी दुसऱ्याची, पैसा तिसऱ्याचा. पाच वर्षांनी, २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं, त्याआधी २००५ मध्येच युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता. आणि काळा घोडा. तिथली मंडळी १९९८ मध्ये संस्था करून एकत्र आली, पुढच्या वर्षीपासून महोत्सव सुरू केला आणि त्यातून येणाऱ्या पैशांतून आसपासच्या इमारतींची कामं केली. आपण तिथं सेल्फी काढायला जातो, ती जत्रा मुळात वर्गणी आहे!

आता पाटण. नगरपंचायतीचं गाव. टीडीआर इथं कुणाला विकायचा? टीडीआरला किंमत येते ती जागेच्या टंचाईतून. आमच्याकडं बिल्डरला जास्तीचे फूट हवे असतील तर तो बाजूचं शेत बघतो. म्हणजे मुंबईचं औषध बरोबर आहे, आमच्या आजाराला लागू नाही. टीडीआरच्या भरवशावर छोट्या गावात वारसा जपायच्या गप्पा मारणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, हे स्पष्टच सांगते.

मग कायद्यात आमच्यासाठी काय आहे? आहे बरंच, फक्त कुणी उघडून बघत नाही. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. त्याच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असू शकतं याची यादी आहे. रस्ते, बागा, शाळा, आणि त्याच यादीत ऐतिहासिक, वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागा आणि इमारती जपणं. २०२० मध्ये राज्यभरासाठी जी एकत्रित विकास नियमावली आली, तिच्यातही वारसा यादी आणि श्रेणींची तरतूद आहे. म्हणजे मुंबई-पुण्यासारखी यादी छोट्या गावातही होऊ शकते. आणि प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांना हरकती-सूचना द्यायला ३० दिवस मिळतात. त्या ३० दिवसांत आपली लोकं काय करतात? माझ्या प्लॉटवर रस्ता पडलाय का एवढं बघतात आणि घरी येतात. त्यांना दोष देत नाही, आमच्या घरातल्यांनीही तेच केलं असतं.

पैशाचं बघू. जिल्हा वार्षिक योजनेतला कमाल तीन टक्के निधी गड, किल्ले, मंदिरं आणि महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांच्या संवर्धनासाठी ठेवायचं राज्यानं ठरवलं. हा निधी जिल्हा नियोजन समितीतून जातो, म्हणजे पालकमंत्री, आमदार, सदस्य यांच्यापर्यंत मागणी पोचली तर. दातेगडच्या विहिरीसाठी हा रस्ता बरा आहे. दुसरा रस्ता कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्यात सीएसआरची जी कामं दिलीत, त्यात ऐतिहासिक वास्तूंची डागडुजी आहे. ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेच लागतात. पण कंपनीला बोर्ड लावायला आवडतं, आणि बोर्ड किल्ल्यावर शोभतो, माजघरात नाही. आणि कंपनी खाजगी घराला पैसे देईलच कशाला?

आमच्या घराला मिळू शकणारा सरकारी पैसा एकाच दिशेनं येतो. मातीत रचलेली भिंत म्हणजे कागदावर कच्चं घर. आवास योजनेतून शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधायला पात्र कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळायचे. योजना चांगली आहे, आमच्या गल्लीतल्या दोन कुटुंबांना तिच्यामुळं पहिल्यांदा न गळणारं छप्पर मिळालं. पण तेच अडीच लाख सागवानी सांगाडा ठेवून भिंती नीट करायला मागितले, तर अर्जात तसा रकानाच नाही. मला वाटतं खरी अडचण ही आहे. जुनं पाडू नका असं सांगणारं एक खातं आणि पाडायला मदत करणारं दुसरं, आणि पैसा दुसऱ्याकडं.

कर्जाचंही सांगते. एका बँकेत गेले, नाव घेत नाही. साहेब छान बोलले, चहा दिला. मग म्हणाले, नवं बांधकाम असेल तर बघू, दुरुस्तीला मंजूर नकाशा आणा. शंभर वर्षांच्या घराचा मंजूर नकाशा! आणि मालमत्ता पत्रकावर नऊ नावं. दोन काका, तीन आत्या, आम्ही चुलत-सख्खी चौघं. एक आत्या नालासोपाऱ्यात, तिच्या सहीसाठी दोनदा जाऊन आले. तिनं सही केली नाही, पुरणपोळी मात्र केली.

मध्येच एक गोष्ट सांगायची राहून जाईल, चाफळची. चाफळ आमच्याच तालुक्यात. समर्थ रामदासांनी स्थापन केलेलं राममंदिर. १९६७ च्या भूकंपात जुन्या देवळाला तडे गेले आणि पुढं मफतलाल कुटुंबानं जीर्णोद्धार करून आजचं मोठं मंदिर उभं केलं. आमच्याकडच्या माणसाला विचारा, तो म्हणेल काय सुंदर केलंय. जीर्णोद्धार हा आपला जुना, स्वतःचा शब्द आहे, आणि त्यात देव जपला जातो, दगड नाही. संवर्धन करणारे म्हणतात दगडही जपा. मी दोन्ही बाजूंनी वाद ऐकलाय आणि देवळाच्या बाबतीत मला अजून ठरवता आलेलं नाही. घराच्या बाबतीत ठरलंय, कारण घरात आमचा देव म्हणजे तो सांगाडाच.

तर पैशाचा तिसरा रस्ता म्हणजे वास्तूनंच कमवायचं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तुम्ही तो बघितलाय, ‘स्वदेस’मध्ये. अशा ठिकाणी चित्रीकरण होतं, लोक बघायला येतात, त्यातून काही पैसा येतो. सगळ्यांना हे जमणार नाही. आमच्या सोप्यात शाहरुख मावणार नाही. पण भाऊ म्हणाला, कोयना बघायला, दातेगड चढायला लोक येतात, कोयना अभयारण्य तर पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्यांना राहायला द्या. काकू म्हणाली, “आणि चादरी कोण धुणार?” हा प्रश्न कुठल्याच पर्यटन धोरणात मला सापडला नाही.

शेवटी काय झालं ते सांगते. दिवाळीत ओळखीची एक वास्तुविशारद मैत्रीण आली. दोन दिवस तिनं आणि मी टेप धरून घर मोजलं. तिनं मागची भिंत टोकरली. ती भिंत काकांनी दहा वर्षांपूर्वी सिमेंटनं गिलावा करून घेतली होती, पक्की व्हावी म्हणून. आतली माती ओली चिकट झाली होती. मातीच्या भिंतीत पाणी थोडं आत येतं, थोडं बाहेर जातं. सिमेंटनं बाहेर जायची वाट बंद होते. बाकीच्या तीन भिंती कोरड्या होत्या. काका बराच वेळ ती माती बोटांत चोळत उभे राहिले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, “गिलावा काढायला किती लागतील?”

अंदाज आला तो नव्या घराच्या खर्चाच्या निम्म्याहून थोडा जास्त. टप्प्याटप्प्यानं केलं तर पहिल्या वर्षी फक्त छप्पर आणि ती एक भिंत. आम्ही चौघा भावंडांनी महिन्याला ठरावीक रक्कम एका खात्यात टाकायची, आत्यांनी जमेल तसं. काकांनी दोन पावसाळ्यांची मुदत दिलीय. दोन पावसाळ्यांनंतरही गळलं तर मी पाडायच्या कागदावर सही करायची. मी हो म्हटलंय, तोंडी, पण सगळ्यांसमोर.

विहिरीचंही काम काढलंय. किल्ल्यावर जाणाऱ्या पोरांसोबत जिल्हा नियोजन समितीला द्यायचं निवेदन लिहितोय, विहिरीची मापं आणि फोटो जोडून. नगरपंचायतीला वेगळं पत्र, की आराखड्यासाठी जुन्या पेठेतल्या घरांची नोंद करा, नोंदीला पैसे लागत नाहीत, आम्ही मोजून देतो. आतापर्यंत अकरा घरं मोजून झालीत. बाराव्या घराचे मालक म्हणाले, आधी तुमचं उभं राहतंय का बघू.

छपरासाठी साधारण चारशे मंगलोरी कौलं कमी पडतायत. जुनी हवीत, नव्या कौलांची खाच जुन्याला बसत नाही. पाटण, कराड, ढेबेवाडी, चिपळूण, कुठंही कुणाचं घर उतरवताना कौलं निघत असतील तर कळवा. टेम्पो आमचा. मेच्या आत हवीत, जूनमध्ये कोयनेचा पाऊस कुणाचं ऐकत नाही.